सुरमीचं वैशाखातलं फूल

बर्फाच्या डोंगरांत चिलगाव नावाचं लहानसं गाव होतं. तिथे भात होत नसे, ऊस होत नसे. वर्षातले पाच महिने जमीन बर्फाखाली असायची. त्या गावाला एकच पीक साधलं होतं, ते म्हणजे ट्युलिपची फुलं. एका दांड्यावर एकच फूल, पेल्यासारखं, लालभडक. कार्तिकात कंद मातीत घालायचे, वर बर्फ पडायचं, आणि चैत्रात डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांची सगळी शेतं लाल व्हायची. खालच्या शहरांतली देवळं आणि लग्नमांडव चिलगावच्या फुलांनी सजायचे. गावाच्या चुली त्या फुलांवर पेटायच्या.

मग तिथे करपा आला.

आधी पानावर राखेसारखे ठिपके यायचे. दोन दिवसांत फूल भिजल्या कागदासारखं लोळायचं. मागाहून खालचा कंदही काळा पडायचा. चैत्रात त्या दरीत पाऊस आणि धुकं असतं, आणि त्या ओलीत करपा एका शेतातून दुसऱ्या शेतात जायचा. लोकांनी राख टाकली, ताक शिंपडलं, देवीला नवस बोलले. करपा काही थांबला नाही. दर चैत्रात चार-पाच शेतं त्याच्या तोंडी जायची आणि दर पावसाळ्याआधी एखाद-दुसऱ्या घराला कुलूप लागायचं.

सुरमी एकोणीस वर्षांची होती तेव्हा तिच्या घरचं निम्मं शेत गेलं. आईवडील आधीच गेले होते. घरात ती आणि धाकटा भाऊ केसरू, एवढे दोघेच उरले होते.

त्या वैशाखात सुरमी लाकडं आणायला बर्फाच्या रेषेपर्यंत चढली. तिथे खडकांच्या फटींत तिला रानातले ट्युलिप दिसले. पिवळे, नखाएवढे. पण त्यांच्या पानांवर एकही ठिपका नव्हता. ती लाकडं विसरून तिथेच बसली. खाली गावातली फुलं चैत्राच्या ओलीत उमलतात आणि मरतात. ही वैशाखाच्या पौर्णिमेला उमलतात. तोवर खिंडीतला कोरडा वारा सुटलेला असतो, दरी वाळलेली असते, आणि करप्याला ओल मिळत नाही.

घरी येऊन ती केसरूला म्हणाली, "आपलं फूल मोठं आहे. ते फूल शहाणं आहे. दोघांचं एक करता आलं तर गाव वाचेल."

पुढच्या चैत्रात तिने गावातल्या लाल फुलांचे पराग पिसाने झाडून भूर्जपत्राच्या पुडीत ठेवले. पुडी महिनाभर चुलीजवळ कोरडी राखली. वैशाखात ती पुडी घेऊन ती वर चढली आणि रानातल्या पिवळ्या फुलांवर ते पराग लावले. त्या फुलांना बी धरलं, ते तिने पेरलं.

ट्युलिपच्या बियांपासून फूल यायला सहा वर्षं लागतात. पहिल्या वर्षी गवताच्या काडीएवढं एकच पान येतं. दुसऱ्या वर्षीही एकच पान, थोडं रुंद. गावातली माणसं तिच्या वाफ्याजवळून जाताना विचारायची, "सुरमी, फुललं का?"

"अजून नाही," ती म्हणायची.

सहा वर्षांनी फुललं, तेव्हा बरीच रोपं करप्यानेच गेली. जी तगली त्यांची फुलं नखाएवढीच होती. त्या तगलेल्यांना तिने पुन्हा लाल फुलांचे पराग लावले आणि पुन्हा पेरलं. या खेपेला तिने मुद्दाम करपा असलेल्या मातीतच पेरणी केली. लोकांना ते वेडेपण वाटलं. ती म्हणायची, "जे मरायचं ते आत्ताच मरू दे. नंतर मेलं तर सगळं गाव घेऊन मरेल."

मधल्या काळात पलीकडच्या दरीतला एक चांगला मुलगा तिला मागणी घालायला आला. सुरमी त्याला म्हणाली, "हा वाफा दोन वर्षांत फुलेल. मग येते." तो एक वर्ष थांबला. मग त्याने दुसरीकडे लग्न केलं. सुरमीने त्याला दोष दिला नाही.

वीस वर्षं अशी गेली. सुरमी एकोणचाळीस वर्षांची झाली. त्या वैशाखात, करप्याने काळ्या पडलेल्या रोपांच्या मधोमध, एक रोप स्वच्छ उभं राहिलं. पान चामड्यासारखं जाड. पौर्णिमेच्या दिवशी त्याचं फूल उमललं. मुठीएवढं मोठं, विटेसारखं तांबडं, आणि तळाशी पिवळा ठिपका. सुरमीने केसरूला हाक मारली. तो तोवर गावाचा मुखिया झाला होता. दोघं वाफ्याच्या कडेला कितीतरी वेळ उभे होते.

"ताई, झालं की गं!" केसरू म्हणाला.

"एकच आहे," सुरमी म्हणाली. "एका कंदाला वर्षाला दोन, फार तर तीन पिल्लं होतात. तीसुद्धा लगेच फुलत नाहीत. अजून थांबायला लागेल."

आणखी बारा वर्षं लागली. सुरमी फुलांना बी धरू देत नसे. कंद पोसावेत म्हणून फूल उमलून दोन दिवस झाले की ती खुडून टाकायची. शेवटी कंदांची संख्या चारशेच्या वर गेली. पण तोवर चिलगावची निम्मी घरं ओस पडली होती. जुनं लाल फूल केवळ केसरूच्या एका वरच्या शेतात उरलं होतं. बाकी सगळ्यांचा जीव सुरमीच्या कंदांवर अडकला होता.

"पुढच्या वैशाखानंतर प्रत्येक घराला दहा कंद देईन," सुरमीने सांगितलं. "पाच-सहा वर्षं नीट सांभाळा. गाव पुन्हा उभं राहील." ती तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा आला, असं लोक म्हणत.

त्याच भाद्रपदात राजाचा कारभारी चिलगावात आला. राजा नवा होता, तरुण होता. ज्या दरीत अजून फुलं होतात तिची जमीन बागाईत म्हणून गावाकडे राहील, आणि जिथे होत नाहीत तिथे राजाच्या मेंढ्यांसाठी कुरण होईल, असा हुकूम निघाला होता. राजा स्वतः प्रत्येक दरी बघून ठरवणार होता. जुन्या राजांच्या रिवाजाप्रमाणे तो चिलगावला चैत्री पौर्णिमेला येणार होता.

देवळासमोरच्या अक्रोडाखाली सगळं गाव जमलं. कारभाऱ्याने सुरमीला पुढे बोलावलं.

"बाई, तुमच्या फुलाचं नाव खाली दरबारापर्यंत आलंय. चैत्री पौर्णिमेला ते उमललेलं असेल ना?"

सुरमीला ठाऊक होतं, की असणार नाही. फूल एक महिन्याने उमलणार होतं. तेवढं सांगायला दोन शब्द लागले असते. आणि तेच दोन शब्द ती बत्तीस वर्षं सांगत आली होती. अजून नाही. केसरूला सांगितले होते, पलीकडच्या दरीतल्या त्या मुलाला सांगितले होते, वाफ्याजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले होते. आता सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. केसरूने हात जोडलेले होते. सुरमीला ते दोन शब्द पुन्हा तोंडातून काढवेनात.

"असेल," ती म्हणाली.

"नक्की सांगा. महाराजांनी मुद्दाम विचारून यायला सांगितलंय."

"नक्की," ती म्हणाली.

लोकांनी देवीचा जयजयकार केला. कारभाऱ्याने लिहून घेतलं आणि तो खाली उतरून गेला.

घरी आल्यावर केसरूने विचारलं, "ताई, तुझं फूल तर वैशाखातलं. चैत्रात कसं येईल?"

"ऊब दिली तर येईल. वाफ्याभोवती घोड्याची ताजी लीद भरायची, वर तेल लावलेलं कापड ताणायचं, बर्फ साचू द्यायचं नाही. कंदाला वाटेल, वैशाख आला."

"आणि कंदाचं काय होईल?"

"थकेल. पण मरणार नाही. बहुतेक."

बहुतेक हा शब्द सुरमीच्या तोंडी केसरूने आजवर ऐकला नव्हता. पण त्यानेही पुढे विचारलं नाही. त्यालाही हेच उत्तर हवं होतं.

सुरमीला झोप लागेना. दुसऱ्या आठवड्यात ती खाली जायला निघाली. कारभाऱ्याला गाठून खरं सांगायचं, एक महिना मागायचा, असं तिने ठरवलं होतं. नदीच्या पुलापर्यंत ती पोचली. तिथे तिला वाटलं, आता सांगितलं तर आपण खोटं बोललो हे उघड होईल. गाव म्हणेल, बत्तीस वर्षं झुलवलं आणि शेवटीही झुलवलं. ती पुलावरून परत फिरली. अजून बरेच दिवस हातात आहेत, असं तिने मनाशी म्हटलं. आश्विनात ती पुन्हा पुलापर्यंत गेली आणि पुन्हा परत आली. मग खिंडीत बर्फ पडलं आणि रस्ता बंद झाला.

कार्तिकात लावणी करताना तिने वीस कंद बाजूला काढून पिशवीत ठेवले होते. हे साध्या मातीत लावायचे, यांना ऊब द्यायची नाही, म्हणजे काही झालं तरी एवढे वाचतील. तिने बरोबर विचार केला होता. पण लावणी झाल्यावर वाफ्याचा एक कोपरा मोकळा दिसायला लागला.

केसरू म्हणाला, "राजाच्या डोळ्यांना तेवढाच कोपरा खुपेल बघ."

"खुपू दे," सुरमी म्हणाली.

चार दिवस तो कोपरा तिला येता-जाता दिसत राहिला. बत्तीस वर्षांत एकदाच तिची फुलं कोणी बघायला येणार होतं. पाचव्या दिवशी सकाळी तिने पिशवी उचलली आणि ते वीस कंदही त्या कोपऱ्यात लावले. हे करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पौषापासून सारं गाव कामाला लागलं. लोकांनी पाठीवरून लीद वाहिली, लाकडाच्या चौकटी ठोकल्या, कापडाला जवसाचं तेल चोळलं. किती वर्षांनी सगळी माणसं एका शेतात दिसत होती. गाणीसुद्धा म्हणत होती. माघाच्या शेवटी कापडाखाली कोंब वर आले. लोक नाचले. सुरमीने एक पान दोन बोटांत धरून पाहिलं. ते कोबीच्या आतल्या पानासारखं मऊ लागलं. तिच्या फुलाचं पान चामड्यासारखं असायचं. तिने बोटं पुसली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

चैत्री पौर्णिमेच्या सकाळी कापडं काढली. चारशे फुलं उघडी झाली. दांडे थोडे आखूड होते, रंग थोडा फिका होता, पण ते एकट्या सुरमीला कळत होतं. राजा घोड्यावरून उतरला आणि वाफ्याच्या कडेने पायी चालत गेला. तो हसतमुख होता, आणि पायांखाली एकही पान येऊ नये म्हणून जपून पाऊल टाकत होता.

"माई," तो सुरमीला म्हणाला, "असं फूल मी पाहिलं नव्हतं. चिलगावची जमीन चिलगावकडेच राहील. कारभारी, लिहून घ्या."

सुरमीने हात जोडले.

"पण एक गोष्ट विचारतो," राजा म्हणाला. "मला कोणी तरी सांगितलं होतं, की तुमचं फूल वैशाखात उमलतं. म्हणूनच मी यांना मुद्दाम विचारायला पाठवलं. वैशाख म्हणाला असतात तर वैशाखात आलो असतो. माझं काय, घोडा तोच आणि रस्ताही तोच."

तो सहज बोलला आणि पुढे गेला. सुरमी तिथेच उभी राहिली. तिच्याभोवती चारशे फुलं उमललेली होती, लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. केसरूला वाटलं, ताईला आनंद झाला.

राजा दुपारी गेला. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि मागोमाग धुकं उतरलं.

पाचव्या दिवशी पहिलं ठिपक्याचं पान दिसलं. सुरमीने ते कापून जाळलं. संध्याकाळपर्यंत चाळीस पानं झाली. लोकांनी कापडं पुन्हा ताणली, तर आत ओल कोंडली आणि करपा दुप्पट वेगाने पसरला. कापडं काढली, तर वरून पाऊस. सुरमी गुडघ्यांवर बसून एकेक पान कापत होती. तिच्या मागे मागे फुलं भिजल्या कागदासारखी लोळत होती. आठव्या दिवशी केसरूने तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

"कंद असतील ना आत?" तो म्हणाला. "ताई, कंद असतील. कंद आहेत तोवर सगळं आहे."

वैशाखात माती वाळल्यावर त्यांनी कंद खणले. सुरमी प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून बघत होती. ऊब देऊन घाईने फुलवलेले कंद आधीच पोकळ झाले होते, आणि त्या पोकळीत करपा उतरला होता. दाबला की काळं पाणी यायचं. तिने चारशेच्या चारशे दाबून पाहिले. कोपऱ्यातले वीस तिने शेवटी काढले. तेही तसेच होते.

गावातली माणसं भोवती उभी होती. कोणी तिला शिवी दिली नाही, कोणी ओरडलं नाही. बायका पदर तोंडाला लावून एकेक करून घरी गेल्या.

जमीन गावाची राहिली होती, पण तिच्यात लावायला काही नव्हतं. ज्येष्ठात तीन घरं गेली, आषाढात सात. दिवाळीच्या आधी केसरूनेही आपलं सामान बांधलं. तो बहिणीसमोर बसला आणि रडायला लागला.

"चूक माझी, ताई. मी मुखिया होतो. मी हात जोडून उभा होतो, म्हणून तू हो म्हणालीस."

"तू हात जोडलेस," सुरमी म्हणाली. "नक्की मी म्हटलं."

"चल आमच्याबरोबर. इथे काय राहिलंय?"

"रानातलं फूल आहे ना वर. पुन्हा करीन."

"तू बावन्न वर्षांची आहेस, ताई."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. केसरू तिच्या पाया पडला आणि मुलाबाळांना घेऊन पूल ओलांडून गेला.

पुढच्या चैत्रात सुरमी पिसं आणि भूर्जपत्र घेऊन केसरूच्या वरच्या शेतात गेली. जुन्या लाल फुलांचे पराग तिला तिथून घ्यायचे होते. शेतात एकही कोंब नव्हता. तिने माती उकरली. मागच्या वर्षीच्या त्याच पावसात तिच्या वाफ्यातला करपा वर चढला होता आणि गावातलं शेवटचं लाल फूलही घेऊन गेला होता. खालच्या वाफ्याच्या दुःखात कोणी वर येऊन बघितलंच नव्हतं.

तरीही वैशाखात ती बर्फाच्या रेषेपर्यंत चढली. तिला आता तीनदा बसावं लागलं. खडकांच्या फटींत पिवळी फुलं उमललेली होती, नखाएवढी, स्वच्छ. पण त्यांना लावायला तिच्या पुडीत काही नव्हतं. नुसत्या त्या फुलांपासून नखाएवढीच फुलं होणार होती. ती त्यांच्याजवळ बसली आणि रिकामी पुडी दोन्ही हातांत धरून मोठ्याने रडली. ऐकायला कोणी नव्हतं. खाली गावात धूर निघणारं एकच घर होतं, तिचं स्वतःचं.

काही वर्षांनी मेंढपाळ त्या दरीत यायला लागले. त्यांना कोणी अडवलं नाही, अडवायला कोणी नव्हतंच. त्यांच्यातली नोरी नावाची एक बाई सुरमीला दूध आणून द्यायची. एकदा तिने विचारलं, "आजी, डोंगरावर या पायऱ्या कोणी आणि कशासाठी खणल्या?"

सुरमीने तिला सगळं सांगितलं. पराग, बी, सहा वर्षं, पुन्हा सहा वर्षं, तो एक कंद, चारशे कंद, राजा, पाऊस. नोरी दुधाचं भांडं मांडीवर धरून ऐकत होती.  ऐकून झाल्यावर तिने अगदी साधेपणाने विचारलं, "पण आजी, बत्तीस वर्षं थांबलात. आणखी एक महिना मागायला काय झालं होतं?"

 सुरमीने दुधाचं भांडं घेतलं आणि ती आत गेली. नोरी दारात थोडी थांबली. मग ती मेंढ्यांमागे निघून गेली.

तात्पर्य: उशिरा फुलणाऱ्या गोष्टीला घाई करू नये; "अजून नाही" असं शंभर वेळा खरं सांगितलेलं असलं, तरी एकशेएकाव्या वेळीही ते सांगण्याचं धैर्य ठेवावं, कारण तेवढ्या एका खोट्या "हो"मध्ये आयुष्यभराचे कष्ट बुडू शकतात.